चष्म्याने लपवलेलं कोण पाहणार?

मणक्याचं ऑपरेशन चालू आहे. सर्जनच्या डोळ्यांवर पारदर्शक चष्मा आहे आणि रुग्णाच्या पाठीवरच, आतल्या मणक्यांचं सीटी स्कॅनमधलं चित्र नेमक्या जागी उमटलेलं त्याला दिसतं आहे. याला ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात, थोडक्यात एआर. मणक्यात स्क्रू बसवताना वापरायच्या ‘एक्सव्हिजन’ या अशाच यंत्रणेला अमेरिकेच्या एफडीएने २०१९च्या डिसेंबरात परवानगी दिली. इथवर फारसा वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीचा. ऑपरेशन कुठवर आलं, सर्जन कुठे बघतो आहे, त्याच्यावर किती ताण आहे हे ओळखून चष्म्याने आपलं आपण ठरवावं का, की आता काय दाखवायचं आणि काय झाकायचं?

आमच्या घरात या प्रश्नावर दोन ठाम मतं आहेत. माझी थोरली बहीण सरकारी रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, सिस्टर होती, तिथूनच निवृत्त झाली. माझी मुलगी अशा चष्म्यांचे इंटरफेस डिझाइन करते. एकीचा मी धाकटा भाऊ, दुसरीचा बाप. त्यामुळे दोघींचं म्हणणं मी पुरतं ऐकलं आहे. ते इथे मांडतो, आणि जिथे राहवणार नाही तिथे माझंही.

भाची: आत्या, आधी एवढं मान्य कर की सगळं एकदम दाखवणं धोक्याचं आहे. स्कॅन, स्क्रूचा कोन, खोली, नाडी, रक्तदाब, सॅच्युरेशन. एवढं सगळं डोळ्यांपुढे आणलं तर सर्जनला रुग्ण दिसणार कुठून?

आत्या: मान्य. नको ते काढून टाक. पण नको ते कोणतं, हे कोण ठरवणार?

भाची: ऑपरेशनचा टप्पा ठरवेल. दुर्बिणीतून पित्ताशय काढतात ते घे. स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी अशा ८० ऑपरेशनचे व्हिडिओ जमवले, १३ सर्जननी केलेले. ‘कोलेक ८०’ म्हणून तो संच प्रसिद्ध आहे. प्रत्येक ऑपरेशनचे सात टप्पे पाडलेत, आणि दुर्बिणीतलं चित्र पाहून कोणता टप्पा चालू आहे ते संगणक ओळखायला शिकतो. टप्पा कळला की त्याला लागेल तेवढंच दाखवायचं. क्लिप लावायची वेळ आली की पित्ताची नळी आणि धमनी ठळक. पित्ताशय पिशवीत भरताना तेही नको.

आत्या: टप्पे बरोबर आहेत. पण ते सरळ पार पडणाऱ्या ऑपरेशनचे आहेत. पित्ताशय सगळीकडून चिकटलेलं आहे, नळी कोणती नि धमनी कोणती ते ओळखू येत नाही, आणि तेवढ्यात रक्त उडतं, थेट दुर्बिणीच्या काचेवर. ते तुझ्या सातांपैकी कितव्यात बसतं? तेव्हा सर्जन पुढे गेलेला नसतो, मागेही आलेला नसतो. कधीकधी पोट उघडायचा निर्णय तिथे मिनिटाभरात होतो. नेमक्या त्या मिनिटाला तुझं यंत्र गोंधळणार.

भाची: म्हणून ‘मला कळत नाही’ हीसुद्धा एक अवस्था ठेवायची. खात्री गेली की सगळं बाजूला, नुसतं उघडं दृश्य. विमानात हे आधीपासून आहे. वैमानिकाच्या समोरच्या काचेवर आकडे आणि रेषा उमटतात, त्याला हेड-अप डिस्प्ले म्हणतात. विमान भलत्याच कोनात गेलं तर त्यातले काही डिस्प्ले बाकीची गर्दी आपोआप काढून टाकतात. विमान सरळ करायला लागेल तेवढंच ठेवतात.

आत्या: आणि काय जाणार, कधी जाणार, हे वैमानिकाला आधी शिकवलेलं असतं?

भाची: हो. सिम्युलेटरमध्ये त्याचा सराव होतो.

आत्या: मग ते वेगळं झालं. ते ठरलेलं आहे. तू म्हणतेस तो चष्मा आज एक ठरवणार, उद्या दुसरं.

इथे टोरँटोच्या एका प्रयोगाबद्दल सांगायला हवं, कारण दोघीही त्याचाच आधार घेतात. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. ३२ सर्जनना दुर्बिणीतून एक ठरलेलं काम करायला दिलं होतं. काहींना साधं दृश्य होतं, काहींना त्यावर एआरच्या खुणा. एआरवाल्यांचा नेम अधिक अचूक निघाला. पण दृश्यात मुद्दाम काही अनपेक्षित गोष्टी ठेवल्या होत्या. त्यातली एक म्हणजे आत पडलेला स्क्रू. अशा गोष्टी एआरवाल्यांच्या नजरेतून जास्त सुटल्या. त्या चित्राच्या कोपऱ्यात दडवलेल्या नव्हत्या, स्पष्ट दिसत होत्या. मला हा निष्कर्ष फार अस्वस्थ करतो. ज्या मदतीने हात अचूक झाला, तिनेच नजर आखडली.

आत्या: बघ, माझं म्हणणं यातच आलं.

भाची: उलट माझं आलं. त्या प्रयोगातल्या खुणा परिस्थितीप्रमाणे बदलत नव्हत्या. सर्जनला गरज असो-नसो, त्या होत्याच. नजर बांधली गेली ती त्यामुळे. लक्ष्य गाठल्यावर खुणा मावळल्या असत्या, तर आजूबाजूला बघायला जागा मिळाली असती. झुरिकच्या ईटीएचमध्ये २०१९ साली एक पद्धत मांडली गेली. माणसाच्या मेंदूवर किती भार आहे याचा अंदाज डोळ्याची बाहुली कशी लहानमोठी होते त्यावरून घ्यायचा आणि भार वाढला की समोरचे घटक कमी करायचे, त्यांतला तपशील कमी करायचा. १२ जणांवरच्या त्यांच्या चाचणीत मुख्य काम सोडून इतर गोष्टींत हात घालणं ३६ टक्क्यांनी कमी झालं.

आत्या: बारा जण. आणि ते बसले होते कुठे? प्रयोगशाळेत. ओटीतल्या दिव्याखाली नाही.

हा टोला मुलीला लागला, कारण ही अडचण तिच्या रोजच्या कामातली आहे. तिने ती लपवली नाही.

भाची: दिव्याचं खरं आहे. ओटीच्या दिव्याचा प्रकाश ४०,००० ते १,६०,००० लक्स असू शकतो. मान थोडी इकडची तिकडे झाली तरी बाहुली आकसते, त्याचा ताणाशी काही संबंध नसतो. शिवाय पारदर्शक चष्मा फक्त उजेड मिळवू शकतो, वजा करू शकत नाही. त्याला काळा रंग दाखवताच येत नाही. एवढ्या झगझगाटात चित्र फिकं पडतं. आणि होलोलेन्ससारख्या चष्म्यातलं चित्र डोळ्याला साधारण दोन मीटरवर असल्यासारखं पडतं, सर्जनचे हात मात्र त्याच्या अर्ध्याहून जवळ असतात. एक नीट दिसलं की दुसरं धूसर. हे सगळे प्रश्न आहेत. पण ते तंत्राचे आहेत, सुटतील.

आत्या: सुटू देत. सुटले तरी माझा प्रश्न तसाच राहतो. बाहुलीवरून तू सर्जनच्या मनात काय चाललंय ते ओळखायला निघालीस. पल्स ऑक्सिमीटर काय करतो ते आठव. भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे पाठ करून औषध भरत असतो, तरी रुग्णाचा ऑक्सिजन त्याला कळत असतो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आवाज येतो, आणि सॅच्युरेशन उतरलं की त्याचा सूर उतरतो. आकडा न बघता मान वळते. भूलतज्ज्ञाची, माझी, सर्जनचीसुद्धा. तो सूर रुग्णाप्रमाणे बदलतो. ऐकणारा दमलाय की ताजातवाना आहे याचा तो अंदाज बांधत नाही.

भाची: आणि बाकीचे अलार्म? २०१३ साली अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या संस्थेने रुग्णालयांना इशारा दिला होता. अंदाजे ८५ ते ९९ टक्के अलार्म असे असतात की त्यावर काही करायची गरजच नसते. ऐकणाऱ्याचा विचार न करणाऱ्या यंत्रांमुळे हे होतं. माणसं मग आवाज बंद करून टाकतात, आणि खरा अलार्म त्यात बुडतो.

आत्या: हे खरं आहे. आयसीयूत रात्रपाळीला ते आवाज कानांवर आदळत असतात आणि कोणाला ऐकू येत नाहीत. मी ते पाहिलंय. मशीन सारखं ओरडावं असं मी कुठे म्हणतेय?

भाची: मग माणूस बघून वागायला मशीनला बंदी का? पहाटे तीनला उभा असलेला रेसिडेंट आणि पंचवीस वर्षं स्क्रू बसवणारे सर, दोघांना एकच चित्र द्यायचं? तू स्वतः कधी तसं केलंस का? तूच सांगतेस की चांगली स्क्रब सिस्टर मागायच्या आधी हातात हत्यार ठेवते. कोणत्या सरांना कोणता सुईधारक लागतो, कोण कधी चिडणार, कोणाचा हात आज सावकाश चाललाय, हे सगळं तू ओळखत होतीस. मला चष्म्याने तेच करायला हवंय.

या प्रश्नावर बहीण बराच वेळ बोलली नाही. तिच्या आयुष्यभराच्या कौशल्यावरच मुलीने बोट ठेवलं होतं. मला वाटतं, सगळ्या वादातला हा सर्वांत भक्कम मुद्दा होता. अंदाज बांधणं वाईट असेल तर चांगली सिस्टरही वाईट ठरते. पण ती वाईट नाही, तिच्यावाचून ओटी चालत नाही. मग यंत्राच्या अंदाजात आणि तिच्या अंदाजात फरक तरी कुठे आहे?

आत्या: माझा अंदाज चुकायचा. सर आर्टरी फोर्सेप्स मागणार असं समजून मी तो पुढे करायची, आणि त्यांना हवी असायची कात्री. पण हातात फोर्सेप्स आला की त्यांना लगेच कळायचं. हात मागे यायचा, ‘सिझर’ म्हणायचे, संपलं. चूक एका क्षणात हातालाच कळते. शिवाय मी काय दिलं ते असिस्टंटने पाहिलेलं असतं, समोरच्या सिस्टरने पाहिलेलं असतं. आणि मी काही दिलं नाही, तर रिकामा पंजा सगळ्यांना दिसतो. तुझा चष्मा काही झाकेल तेव्हा झाकलंय हे कोणाला दिसणार? जे गेलं ते गेलं हे सर्जनलाच माहीत नाही. आम्हाला तर तो काय बघतोय तेच दिसत नाही.

भाची: म्हणजे तुझी हरकत बदलण्यावर नाही.

आत्या: लपून बदलण्यावर आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनला मोठा मॉनिटर असतो. सर्जन बघतो तेच असिस्टंट बघतो, तेच मी बघते, भूलतज्ज्ञ मान उंचावून तेच बघतो. नवखी मुलगी असते तीसुद्धा म्हणू शकते, ‘सर, डावीकडे रक्त येतंय.’ का म्हणू शकते? तिला ते दिसतं म्हणून. तू ते चित्र एकाच माणसाच्या डोळ्यांत नेऊन ठेवलंस. आता ती काय बोलणार?

इथे मला बोलावंच लागेल. परिस्थिती ओळखून वागणाऱ्या संगणकांची कल्पना काही आजची नाही. बिल शिलिट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ती मांडली तेव्हा परिस्थितीचे तीन भाग सांगितले होते: माणूस कुठे आहे, त्याच्याबरोबर कोण आहे, जवळ कोणती साधनं आहेत. यातला मधला भाग पुढे मागे पडत गेला असं मला स्पष्ट दिसतं. नजर मोजता येते, बाहुली मोजता येते, खोलीचा नकाशा करता येतो. म्हणून एआरमध्ये परिस्थिती म्हणजे चष्मा घातलेला एकटा माणूस आणि त्याच्या समोरच्या वस्तू असं समीकरण होऊन बसलं. सोबत कोण आहे, त्यांना काय दिसतं, कोण कोणाला टोकू शकतं, हे त्यात येतच नाही. ओटीत तर परिस्थितीचा मोठा भाग तोच असतो.

याला पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक यादी काढली. भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी थांबायचं, आणि ठरलेले प्रश्न मोठ्याने विचारायचे. सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं, हाही त्यातलाच एक भाग. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीतलंही एक होतं. २००९च्या जानेवारीत निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, मोठी गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. त्या यादीत ना संवेदक होता, ना कॅमेरा. खोलीतल्या सगळ्यांना एकच गोष्ट एकाच वेळी कळावी एवढाच तिचा प्रयत्न होता.

भाची: बाबा, तुमचं खरं आहे, पण त्यातून काय करायचं ते निघत नाही. चष्म्यातलं दृश्य भिंतीवरच्या मॉनिटरवर दाखवणं सोपं आहे, ते आजही करतात. आत्याला त्याहून जास्त हवंय. जे झाकलं तेही दिसायला हवंय.

आत्या: बरोबर. मॉनिटरवर सगळं असू दे. सर्जनला जे दिसत नाही ते फिक्या रंगात असू दे. चष्म्याने काही काढलं की आम्हाला कळेल. गरज पडली तर आम्ही सांगू.

भाची: आणि तू ट्रॉली सांभाळणार, रक्त टिपायचे मॉप मोजणार, हत्यारं देणार, का सर्जनच्या चष्म्यावर पहारा देणार? त्याचं लक्ष विभागू नये म्हणून मी जे काढलं ते तुझ्या डोक्यावर लादल्यासारखं होईल.

आत्या: पहारा नाही. सूर बदलला तर मान वळते, तसं काहीतरी कर. मी सतत बघायला नको, पण झाकाझाक झाली की मला कळायला हवं.

भाची: ओटीत आधीच इतके आवाज आहेत. त्यात आणखी एक?

आत्या: मग आवाज नको. पण जागा बदलू नकोस. काढायचं तर काढ, मात्र जे परत येईल ते होतं तिथेच आलं पाहिजे. माझ्या ट्रॉलीवर प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली असते. रक्त उडालेलं असताना कोणी खाली बघून शोधत बसत नाही, हात आपोआप तिथे जातो.

जागेचा हा धडा संगणकाचं जग एकदा किंमत मोजून शिकलं आहे. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०००मध्ये बदलणारे मेनू आणले होते: कमी वापरलेल्या आज्ञा आपोआप लपत. हाताला सवय झालेली जागा दुसऱ्या दिवशी रिकामी सापडे. २००७च्या आवृत्तीत वर्ड आणि एक्सेलमधले ते मेनूच गेले, त्यांच्या जागी कायम एका जागी असणारी पट्टी आली. कार्यालयात त्या मेनूंमुळे थोडा वेळ वाया जाई, एवढंच. ओटीत तेवढा वेळ नसतो.

भाची: जागा बदलणार नाही, हे मी लिहून देते. नाडी, सॅच्युरेशन, रक्तदाब, हे तीन कधीच झाकले जाणार नाहीत, हेही. बाकीचं टप्प्याप्रमाणे. आणि बाहुलीवरून ताण ओळखून काही काढायचं, हे मी सध्या बाजूला ठेवते.

आत्या: सध्या?

भाची: सध्या. ते चुकीचं आहे असं मला वाटत नाही, आज ते पुरेसं भरवशाचं नाही एवढंच. शिवाय त्यात दुसरी भानगड आहे. सर्जनची नजर कुठे होती, कोणत्या मिनिटाला ताण वाढला, याची नोंद राहते. उद्या केस कोर्टात गेली तर ती नोंद मागितली जाईल. २०२३च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यानंतर ती कोणी ठेवायची, कोणाच्या संमतीने, हे सगळं स्पष्ट करावं लागेल. अशी नोंद होणार असेल तर सर्जन चष्मा घालतीलच असं नाही.

आत्या: सर्जनच्या बाहुलीची नोंद राहणार, आणि सिस्टरने काय सांगितलं त्याची?

भाची: त्याची नाही.

आत्या: मग तुझ्या यंत्रात मी कुठेच नाही.

या वाक्याने चर्चेची दिशा बदलली. मुलीने नंतर मला सांगितलं की तिच्या आराखड्यात ‘वापरणारा’ असं एकच माणूस होतं, आणि तो सर्जन होता. बाकी सगळे खोलीच्या नकाशात होते, टेबल आणि दिव्यांबरोबर, अडथळे म्हणून: सर्जनचा हात त्यांना लागू नये, चित्र त्यांच्या चेहऱ्यावर पडू नये म्हणून चष्मा त्यांना ओळखत होता. हे मुद्दाम कोणी केलेलं नाही. चष्मा ज्याच्या डोळ्यांवर, आराखडा त्याच्यासाठी, अशी सरळ वाट तिथे घेऊन गेली. ही वाट चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते फक्त ओटीपुरतं नाही. कारखान्यात मशीन उघडून बसलेल्या फिटरच्या चष्म्यालाही तेच लागू आहे, कारण वीज बंद केलीय की नाही हे पाहणारा दुसराच कोणी तरी असतो.

भाची: पुढच्या चाचणीत सर्जनबरोबर स्क्रब सिस्टरही घेते. दोघांची मिळून एक चाचणी.

आत्या: करणार कशावर?

भाची: पाठीच्या मॉडेलवर. ठरलेले टप्पे, ठरलेला स्क्रू.

आत्या: मग कोणाला न सांगता आत एक मॉप ठेव. सर्जनला दिसतो का बघ. त्याला नाही दिसला तर सिस्टरला दिसतो का बघ. आणि तिला दिसला तर ती बोलते का, ते बघ.

भाची: दिसूनही ती बोलली नाही, तर तो दोष माझ्या इंटरफेसचा की तुमच्या ओटीचा?

आत्या: आमच्या ओटीचा जास्त. पण तुझ्या मॉनिटरवर सरांना काय दिसतंय ते तिला कळत असेल, तर बोलायचा धीर तिला लवकर येईल. ‘सर, तुम्हाला ते दिसत नाहीये’ असं ती म्हणू शकेल. आज ‘सर, तुम्ही ते बघितलं नाही’ असं म्हणावं लागतं, ते कोणाच्या तोंडून निघत नाही.

भाची: हे मी आराखड्यात लिहून ठेवते. मॉपचा काउंट चष्म्याने करायचा का? कॅमेऱ्याला ते जमेल.

आत्या: नाही. काउंट तोंडाने, दोघींनी, मोठ्याने. त्याला हात लावू नकोस.

भाची: मोजायला नाही म्हणत. सर्जनला आकडा दिसू दे, पोट किंवा पाठ बंद करायच्या आधी.

आत्या: दिसू दे. पण तो आकडा कॅमेऱ्याने बदलायचा नाही. सिस्टर बोलल्यावरच बदलायचा.

भाची: आणि कॅमेऱ्याने वेगळा मोजला तर?

आत्या: तर दोन्ही दाखव, आणि परत मोजायला सांग.